दुकानातील उजेड आणि मालाचा खरा रंग

व्यापाऱ्याच्या खर्चाच्या वहीत दिवाबत्तीचे खाते फार लहान असते. भाडे, पगार, व्याज, हमाली या मोठ्या रकमांच्या शेपटीला ते कोठेतरी बसते आणि महिन्याचे बिल चुकते केले की त्याचा विचार संपतो. तथापि गिऱ्हाईक उंबरठा ओलांडून आत आले की पैसे मोजून बाहेर पडेपर्यंत ते जे जे पाहते, ते सर्व त्या दिव्यांनी दाखविलेले असते. माल आपला, भाव आपला, बोलणे आपले. परंतु मालाचे दर्शन दिव्याच्या हाती. एवढी जबाबदारी ज्याच्यावर, त्याची निवड आपण बहुधा वायरमनवर सोपवून मोकळे होतो.

प्रस्तुत लेखक प्रकाशशास्त्राचा पंडित नव्हे; तीन पिढ्यांच्या कापडाच्या पेढीवर बसणारा एक साधा दुकानदार आहे. या विषयाकडे तो वळला तो हौसेने नव्हे, तर एका प्रसंगाने ओढला गेला. तो प्रसंग सांगितल्यावाचून पुढील विवेचनाचे प्रयोजन ध्यानात येणार नाही.

आमचे दुकान बेळगावात, उत्तराभिमुख. आजोबांच्या काळी (त्यांना आम्ही आप्पा म्हणत असू) दुकानापुढे दगडी ओटा होता. शहापूर-वडगावच्या मागांवरची लुगडी असोत की सुरतेकडचा माल असो, पसंत पडलेला नग गिऱ्हाइकाने ओट्यावर नेऊन दिवसाच्या उजेडात पाहावा, असा आप्पांचा आग्रह असे. पावसाळ्यात लवकर अंधारून आले तर "ताई, रंगाचं काम आहे, उद्या सकाळी या," असे सांगून ते हातची विक्री सोडून देत. २०१६ साली आम्ही दुकानाचे नूतनीकरण केले. ओटा गेला, त्या जागी काचेचे दार आले, आत वातानुकूलन आले आणि छतात चौकोनी एल.ई.डी. पॅनेल दाटीने बसले. दिवे पुरविणाऱ्याने "दुकान लख्ख दिसेल" असा शब्द दिला होता आणि तो त्याने पाळला.

त्याच वर्षीच्या लग्नसराईत निपाणीकडील एका घरची खरेदी आमच्याकडे झाली. नवरीसाठी मरून रंगाचा रेशमी शालू आणि त्यावर जुळवून निराळे घेतलेले ब्लाउजचे कापड. चार दिवसांनी नवरीची आई ते बोचके घेऊन परत आली. घरच्या अंगणात शालू मरून दिसत होता आणि ब्लाउज चक्क तपकिरी. आम्ही दोन्ही वस्तू गल्ल्यावर शेजारी ठेवल्या तर त्या पुन्हा बिनचूक जुळल्या! बाई वडिलांना म्हणाल्या, "अण्णा, तुम्ही फसवलंत असं मी म्हणणार नाही. पण तुमच्या दुकानातला उजेड खोटा आहे." वडिलांनी माल ठेवून घेतला व पैसे परत केले. रात्री वही मिटताना त्यांनी एवढेच विचारले, "ओटा काढायला कुणी सांगितलं होतं?" तो मीच काढावयास लावला होता.

आता या घटनेचे शास्त्र पाहू. रंग वस्तूत असतो असे आपण धरून चालतो. वस्तुतः वस्तू एवढेच करते की, अंगावर पडलेल्या प्रकाशापैकी काही भाग शोषून घेते व उरलेला परत धाडते. तो उरलेला भाग म्हणजे आपल्याला दिसणारा रंग. यावरून उघड आहे की, जो रंग दिव्याच्या प्रकाशात मुळात नाहीच, तो वस्तू परत धाडू शकत नाही. रस्त्यांवर पूर्वी सर्रास असलेले पिवळे सोडियमचे दिवे वाचकांना आठवत असतील. त्यांच्याखाली लाल साडी मातकट दिसे. साडी तीच, दिवा दरिद्री.

याहून सूक्ष्म गोष्ट पुढे आहे. दोन निरनिराळ्या रंगद्रव्यांनी रंगविलेली दोन कापडे एका प्रकाशात हुबेहूब सारखी आणि दुसऱ्या प्रकाशात विजोड दिसू शकतात. या प्रकारास मेटामेरिझम असे नाव आहे. रेशमाचा रंग एका जातीचा, कृत्रिम धाग्याचा दुसऱ्या जातीचा. दोहोंची प्रकाश शोषण्याची रीत भिन्न असूनही एका विशिष्ट दिव्याखाली डोळ्याला त्यांतून एकच जाणीव होते. दिवा बदलला की सोंग उघडे पडते. निर्यातीचा माल करणाऱ्या गिरण्यांतून व रंगशाळांतून यासाठी करड्या रंगाची एक पेटी ठेवलेली असते. तीत दिवसाच्या उजेडासारखा, परदेशी दुकानांतील ट्यूबलाइटसारखा आणि घरगुती तारेच्या दिव्यासारखा असे प्रकाश पाळीपाळीने लावून नमुना ताडून पाहतात. तिन्हींत जुळला तरच रंग मंजूर. कारखानदार इतकी खबरदारी घेतो आणि शेवटच्या गिऱ्हाइकासमोर उभे राहणारे आपण एका पॅनेलवर विसंबतो, ही नवलाचीच गोष्ट म्हणावयाची.

दिवा रंग किती खरे दाखवितो हे मोजण्यासाठी आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने १९६५ साली एक पद्धत ठरविली व १९७४ साली ती सुधारली. दिव्याच्या खोक्यावर सी.आर.आय. म्हणून जो आकडा छापलेला असतो तो याच पद्धतीचा. पूर्ण गुण १००. जुना तारेचा दिवा जवळजवळ १०० गुण मिळवितो; बाजारातील नेहमीचा एल.ई.डी. ८०च्या आसपास असतो. येथे एक मेख आहे, ती प्रत्येक कापडवाल्याने व सराफाने नीट समजून घ्यावी. हा आकडा आठ फिकट रंगांच्या नमुन्यांवरून काढलेली सरासरी आहे. गडद लाल हा नमुना त्या आठांत नाही. तो नवव्या क्रमांकाचा असून त्याचे गुण 'आर-नाइन' या नावाने निराळे सांगतात, आणि स्वस्त दिव्यांच्या खोक्यावर ते बहुधा छापलेलेच नसतात. ८० गुणांच्या दिव्याचे आर-नाइन शून्याच्या आसपास असू शकते. आपल्या बाजारात तर लग्नाचा शालू, कुंकू, मरून, डाळिंबी, शेंदरी, सोन्याची तांबूस झाक, सगळा व्यवहार लालाभोवती फिरतो! परीक्षेत जो विषयच घेतला नाही त्यावरच आपला प्रपंच, असा हा प्रकार आहे. आमच्या शालूचा घात येथेच झाला.

पांढऱ्याचीही गंमत अशीच. हल्लीच्या पांढऱ्या कापडात शुभ्रता वाढविणारी द्रव्ये घातलेली असतात. ती उन्हातील अदृश्य अतिनील किरण घेऊन निळसर प्रकाश देतात, म्हणून धोतर उन्हात झगझगते. नेहमीच्या पांढऱ्या एल.ई.डी.मध्ये निळ्या प्रकाशावर पिवळ्या द्रव्याचे लेपन करून पांढरा साधलेला असतो. त्यात अतिनील अंश जवळजवळ नसतो. म्हणून तेच धोतर दुकानात किंचित पिवळट, जुन्या साठ्यातले वाटते आणि गिऱ्हाईक "ताजा माल दाखवा" म्हणून हटून बसते. दोष ना मालाचा, ना गिऱ्हाइकाचा.

असो. रंगानंतर मापाकडे येऊ. उजेड मोजण्याचे परिमाण लक्स. एका मेणबत्तीचा एक मीटरवर पडणारा उजेड सुमारे १ लक्स; पौर्णिमेच्या चांदण्याचा सुमारे पाव लक्स; भर दुपारच्या उन्हाचा १,००,०००च्या घरात. दुकानाच्या विक्रीच्या भागासाठी युरोपीय मानक ३०० लक्स सांगते आणि पैसे घेण्याच्या जागी ५००. वरील प्रसंगानंतर एका परिचित अभियंत्याकडून मापक आणून मी आमचे दुकान मोजले. गल्ल्यावर १,३५० लक्स, फरशीवर ९००, आणि जेथे कापडाचे तागे उभे असतात त्या वरच्या फळीवर १४०. म्हणजे पैसा खर्चून आम्ही फरशी उजळीत होतो आणि माल अंधारात ठेवीत होतो.

भरपूर उजेड म्हणजेच चांगला उजेड, ही समजूत आली कोठून? माझ्या मते ती विजेच्या बालपणातून आली. फिलाडेल्फिया येथील वानामेकर यांच्या दुकानात १८७८ साली विजेचे आर्क दिवे लागले. लंडनच्या सॅव्हॉय नाट्यगृहात १८८१ साली प्रथमच सबंध सार्वजनिक इमारत विजेने उजळली. प्रेक्षकांची आगीची भीती घालविण्यासाठी मालकाने रंगमंचावर येऊन पेटता दिवा सर्वांसमक्ष फोडून दाखविला. मुंबईत १८८२ साली क्रॉफर्ड मार्केटमध्ये (आजची महात्मा जोतिबा फुले मंडई) विजेचे दिवे लावण्याचा करार एका कंपनीने केला, परंतु दुसऱ्याच वर्षी कंपनीचे दिवाळे वाजले आणि मंडईत पुन्हा गॅसचे दिवे आले. ज्या काळी उजेड मिळणे हेच भाग्य, त्या काळी तो कसा पडतो हे कोण विचारणार? आज तारेच्या दिव्याच्या कित्येक पट उजेड एल.ई.डी. तेवढ्याच विजेत देते. टंचाई संपली, पण आपली भूक मात्र टंचाईच्या दिवसांतली राहिली.

दिव्यांची रचना ही इमारतीच्या रचनेचाच भाग आहे, हा विचार शास्त्रशुद्ध रीतीने मांडणाऱ्यांत अमेरिकेतील रिचर्ड केली (१९१०–१९७७) यांचे स्थान मोठे आहे. १९५२ साली त्यांनी प्रकाशाचे तीन प्रकार सांगितले. आपल्याकडची उदाहरणे घेऊन ते असे सांगता येतील. पहिला, सर्वत्र सारखा पसरलेला, सावली न पाडणारा. धुक्याच्या सकाळी माळावर असतो तसा. दुसरा, एका ठिकाणी एकवटलेला. काळोख्या ओसरीत समईने पोथीच्या पानावर पाडलेला उजेड जसा. तिसरा, लुकलुकणाऱ्या बिंदूंचा; दीपमाळेचा, आरसेमहालाचा. पहिल्याने वावरता येते, दुसऱ्याने कोठे पाहावे ते कळते, तिसऱ्याने मन उल्हसित होते. तिन्हींचे प्रमाण इमारतीच्या कामाप्रमाणे ठरवावयाचे, हे केलींचे सूत्र.

न्यूयॉर्क येथे १९५८ साली पूर्ण झालेली ३८ मजल्यांची सीग्रॅम इमारत हे त्यांच्या कामाचे प्रसिद्ध उदाहरण. तिचे वास्तुकार मीस व्हान डेर रोह व फिलिप जॉन्सन. केलींनी प्रत्येक मजल्याच्या छताचा खिडकीलगतचा पट्टा प्रकाशमान केला. त्यामुळे रात्री ती इमारत बाहेरून दिव्याच्या मनोऱ्यासारखी दिसते. तळमजल्याच्या दालनात त्यांनी लिफ्टभोवतीच्या दगडी भिंती वरून खालपर्यंत सारख्या उजळल्या. हा मुद्दा दुकानदाराने मनात धरण्याजोगा आहे. माणूस उभा असताना त्याची नजर समोर असते. जागा उजळ आहे की अंधारी, हे तो फरशीवरून नव्हे, समोरच्या भिंतीवरून ठरवितो. भिंत उजळली की कमी विजेतही खोली भरलेली वाटते.

आमच्या दुकानातील पॅनेल म्हणजे केवळ पहिला प्रकार. त्यात जर मेली. जरीची चमक ही लहान, तीव्र दिव्याचे प्रतिबिंब धाग्याच्या गोलाईवर पडून येते. चहूकडून सारखा प्रकाश आला की प्रतिबिंबही पसरट होते आणि काठ नुसता पिवळा पट्टा दिसतो. हिऱ्याची गोष्टही तीच. त्याच्या पैलूंना नाचावयास टिकलीएवढा दिवा लागतो. याउलट हिऱ्याची प्रत पारखण्यासाठी जवाहिरे परंपरेने उत्तरेचा शांत उजेड पसंत करतात, कारण तेथे चमक नव्हे, रंगछटा व दोष पाहावयाचे असतात. दाखविण्याचा उजेड आणि पारखण्याचा उजेड हे असे दोन भिन्न पदार्थ आहेत. गिऱ्हाइकाला दोन्ही मिळाले पाहिजेत. पहिला देऊन दुसरा लपविणे याला निराळे नाव आहे. ते येथे लिहिण्याची गरज नाही.

दिवसाचा उजेड इमारतीत घ्यावा कसा, याचे शहाणपण आपल्या मुलखात जुने आहे. गोव्यातील जुन्या घरांतून व चर्चमधून काचेऐवजी शिंपल्याची पातळ तावदाने बसविलेली दिसतात. ऊन त्यांतून गाळून, दुधाळ होऊन आत येते. डोळे दिपत नाहीत, कवडसा पडत नाही. घरापुढील ओसरी व पडवी यांचेही एक काम हेच. बाहेरच्या प्रखर उन्हातून ३०० लक्सच्या खोलीत एकदम शिरले की काही वेळ डोळ्यांपुढे अंधारी येते. पडवी डोळ्याला मधली पायरी देते. आजच्या काचेच्या दाराने ही पायरी काढून टाकली. मग दुकान आत अंधारे वाटते म्हणून आपण आणखी दिवे लावतो.

नव्या वास्तूंत हे तत्त्व कोणी जपले, याची दोन उदाहरणे मला विशेष वाटतात. साबरमती येथील गांधी स्मारक संग्रहालय (१९६३) चार्ल्स कोरिया यांनी बांधले. त्याच्या खिडक्यांना काच नाही, लाकडी झडपा आहेत. उजेड व वारा दोन्ही हाताने कमीजास्त करता येतात. दुसरे अमेरिकेत, टेक्सासमधील फोर्ट वर्थ येथील किंबेल कला संग्रहालय (१९७२). त्याचे वास्तुकार लुई कान. अहमदाबादची भारतीय व्यवस्थापन संस्था ही त्यांचीच रचना. किंबेलच्या सुमारे १०० फूट लांबीच्या काँक्रीटच्या कमानदार छतांना शेंड्यावर एक लांब फट ठेवलेली आहे. तीमधून येणारे टेक्सासचे कडक ऊन सच्छिद्र ॲल्युमिनियमच्या वक्र पत्र्यावर आदळून कमानीच्या पोटावर पसरते आणि तेथून मऊ होऊन चित्रांवर उतरते. या पत्र्याच्या योजनेत केलींचा हात होता. ऊन तर घ्यावयाचे, पण त्याचा थेट किरण चित्राला लागू द्यावयाचा नाही.

ही काळजी कापडवाल्यालाही आहे. संग्रहालयांत जुन्या रेशमावर ५० लक्सपेक्षा अधिक उजेड पडू न देण्याची प्रथा आहे, कारण प्रकाशाने रंग उडतो आणि उडालेला रंग परत येत नाही. हानी ही उजेड आणि काळ यांच्या गुणाकाराने होते. दुकान विक्रीसाठी आहे, संग्रहालय नव्हे, हे खरे. तरी शोकेसमधला शालू आठवडाभराने बदलावा. घडीच्या कडेला फिकट रेघ उमटलेला शालू कोणत्याही भावात जात नाही.

आता आम्ही काय केले ते थोडक्यात सांगतो. पॅनेलची संख्या निम्म्याहून कमी केली. उरलेल्यांखाली गल्ल्यावर ४००-४५० लक्स मिळतात व ते पुरतात. वाचलेल्या विजेत फळ्यांच्या समोर, छताला, अरुंद झोताचे लहान दिवे लावले. त्यांचा झोत सरळ खाली न सोडता साधारण ३० अंश कलता ठेवला, म्हणजे तागे उजळतात आणि पाहणाऱ्याची सावली त्यांवर पडत नाही. शोकेसमध्ये भोवतालच्या पाचपट उजेड, तोही एकाच नगावर; सगळ्याच नगांना पाचपट दिला तर कोणालाच दिल्यासारखा होत नाही. दिवे घेताना सी.आर.आय. ९० च्या वर आणि आर-नाइन ५० च्या वर लेखी मागितले. दोन पुरवठादारांनी आर-नाइन म्हणजे काय असे मलाच विचारले! तिसऱ्याकडे ते मिळाले. किंमत दीडपट पडली. ती ज्यांना जड वाटेल त्यांनी निदान गल्ल्यावरचे दोन-तीन दिवे तरी या प्रतीचे घ्यावेत.

एक घरगुती परीक्षाही सांगून ठेवतो. दिव्याखाली पेन्सिल वेगाने इकडून तिकडे हलवावी. तिची फिकट, सलग झालर दिसली तर ठीक. तुटक तुटक पेन्सिली दिसल्या तर तो दिवा डोळ्याला न जाणवता लुकलुकतो आहे. अशा दिव्याखाली दिवसभर बसणाऱ्या मुनिमाचे डोके दुखते ते वयाने नव्हे.

सभागृहांविषयी दोन शब्द, कारण मंगल कार्यालये व सभामंडप बांधण्याचे काम आपल्यापैकी अनेकजण अंगावर घेतात. वक्त्याच्या नेमक्या डोक्यावर दिवा लावू नये. डोळ्यांच्या खोबणीत काळोख साचतो आणि भला माणूस उग्र दिसतो. दिवा पुढून, थोडा वरून व बाजूने असावा. आवाराबाहेरील दिवे पिवळसर छटेचे व खाली तोंड असलेले घ्यावेत. निळसर-पांढऱ्या व अतिनील अंश असलेल्या दिव्यांवर कीटक अधिक झेपावतात. पावसाळ्यात सकाळी दिव्याखाली जो सडा पडतो तो पाहून ज्यांना वाईट वाटते, त्यांना एवढा बदल सहज करता येईल.

ओटा काही परत बांधता आला नाही; जागा आता पदपथात गेली आहे. दाराशेजारी उत्तरेला एक खिडकी मात्र उघडली, साध्या काचेची, कारण रंगीत वा हिरवट काचेने पुन्हा तोच घोटाळा होतो. तिच्याखाली पाट्यासारखे एक टेबल आहे. त्यावर रंग, चित्र, जाहिरात काही नाही. करड्या रंगाचा पृष्ठभाग. जुळवाजुळवीचे कापड गिऱ्हाइकासमोर तेथे नेऊन दाखविल्याशिवाय फाडावयाचे नाही, असा दुकानात नियम आहे. अंधार पडल्यावर दिवसाच्या उजेडाच्या जातीचा एक दिवा त्या टेबलावर लागतो, आणि तरीही शंका राहिली तर नोकर सांगतो, "उद्या सकाळी या." त्या नियमाने महिन्याकाठी काही विक्री जाते. किती, याचा हिशेब वडील ठेवू देत नाहीत.

दिवे जळून जात नाहीत म्हणून ते तसेच राहतात असे मात्र समजू नये. एल.ई.डी.चे आयुष्य म्हणून जे तास सांगतात, ते बहुधा उजेड मूळच्या ७० टक्क्यांवर उतरेपर्यंतचे असतात. शिवाय धुळीचा थर निराळाच. यासाठी प्रत्येक दिवा बसविल्याची तारीख आम्ही वहीच्या शेवटच्या पानावर लिहितो आणि दिवाळीच्या आधी, वह्या बदलण्यापूर्वी, शिडी लावून सगळे दिवे पुसून काढतो व गल्ल्यावर आणि वरच्या फळीवर मापक धरतो. गेल्या खेपेस वरच्या फळीवर ३१० लक्स भरले.